वाया गेलेला मुलगा : डॉ. सांतियागो रामोन इ काहाल यांचे चरित्र

परीक्षांचे निकाल लागले की पुढच्या आठ-पंधरा दिवसांत काही पालक शाळेच्या कचेरीत येतात. सोबत मान खाली घातलेला मुलगा असतो. हा काही शिकणार नाही, दाखला द्या, कुठेतरी कामाला लावतो, असे वडिलांचे म्हणणे असते. त्यांचे सर्वस्वी चुकते असेही नाही. घरची ओढाताण त्यांना ठाऊक असते आणि वर्षभर मुलाने पुस्तकाला हात लावला नाही हेही त्यांनी पाहिलेले असते. अशा वेळी मला स्पेन देशातील एका बाप-लेकाची आठवण होते. त्या वडिलांनीही मुलाच्या शिक्षणाची आशा सोडून त्याला आधी न्हाव्याच्या दुकानात व नंतर जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली ठेवले होते. हाच मुलगा पुढे मेंदूच्या सूक्ष्म रचनेचा आद्य अभ्यासक म्हणून जगप्रसिद्ध झाला व १९०६ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्याचे नाव सांतियागो रामोन इ काहाल.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन हे खेड्यापाड्यांतून नेमणुकीवर काम करणारे शस्त्रवैद्य होते. त्यांचे स्वतःचे आयुष्य खडतर गेले होते. गरीब शेतकऱ्याच्या घरातून ते लहानपणीच बाहेर पडले. त्या काळी युरोपात लहानसहान शस्त्रक्रिया न्हावीच करीत. अशा एका न्हावी-वैद्याकडे त्यांनी उमेदवारी केली, पुढे पायी बार्सिलोना गाठले, दुकानात काम करीतच शस्त्रवैद्याची सनद मिळविली आणि संसार सांभाळून नंतर डॉक्टरही झाले. अशा माणसाला मेहनत व विद्या यांखेरीज तिसरी गोष्ट खरी वाटत नाही. मुलाने डॉक्टर व्हावे हा त्यांचा निश्चय होता. मुलगा चार-पाच वर्षांचा असल्यापासून ते स्वतः त्याला शिकवू लागले. घरात निवांतपणा मिळेना म्हणून गावाबाहेरच्या एका गुहेत बसून त्यांनी त्याला फ्रेंच शिकविले. त्या गुहेत शिकलेले फ्रेंच पुढे फार मोठ्या प्रसंगी कामास आले.

मुलाचे मन मात्र चित्रात होते. कागद, भिंत, वहीची कड, जे मिळेल त्यावर तो झाडे, पाखरे, घोडे, संतमहंत काढीत बसे. वडिलांच्या दृष्टीने हे रिकामपणाचे उद्योग होते. रंग आणि कागद जप्त होऊ लागले. अखेर मुलाचे एक चित्र घेऊन ते गावच्या चर्चच्या भिंती रंगविण्यास आलेल्या एका गिलावा करणाऱ्याकडे गेले आणि त्याचा सल्ला विचारला. चित्रात काही दम नाही, असा निर्वाळा त्या कारागिराने दिला. झाले, चित्रकलेचा निकाल लागला. मुलाचे भवितव्य ठरविताना आपण कोणाचा सल्ला घेतो, याचा विचार पालकांनी जरूर करावा.

दहा वर्षांच्या सुमारास सांतियागोला हाका या गावी धर्मगुरूंच्या शाळेत घातले. तेथे लॅटिन घोकून पाठ करावे लागे. पाठ झाले नाही की मार बसे, कोंडून ठेवीत व जेवण बंद करीत. ज्या मुलाला पाहिलेली गोष्ट जशीच्या तशी कागदावर उतरविता येई, त्याला अर्थ न समजलेली वाक्ये पाठ होईनात. तो सुट्टीत घरी आला तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. पुढे आयेर्बे येथे अकराव्या वर्षी त्याने लाकडाची तोफ तयार करून शेजाऱ्याच्या बागेचे नवे कोरे फाटक उडविले व काही दिवस गावच्या कोठडीत काढले. वेस्का शहरी माध्यमिक शिक्षण घेतानाही तीच गत. तेव्हा वडिलांनी प्रथम न्हाव्याचे दुकान व नंतर जोड्याचे दुकान दाखविले. आश्चर्य असे की जोडे शिवण्यात हा मुलगा लवकरच तरबेज झाला. ज्या हातांना शाळेत काही काम नव्हते, त्या हातांना काम मिळाले होते. वडिलांनी त्याला पुन्हा शाळेत घातले तेव्हा त्याने चित्रकलेच्या वर्गाचीही मागणी केली आणि या वेळी ती मान्य झाली.

खरा बदल झाला तो १८६८ च्या उन्हाळ्यात. वडिलांनी शरीररचना स्वतः शिकविण्याचे ठरविले. पुस्तकाऐवजी खरी हाडे हवीत म्हणून बाप-लेक एका रात्री जुन्या दफनभूमीत गेले आणि उघड्यावर पडलेली हाडे गोळा करून त्यांनी घरी आणली. हे ऐकून आज आपल्याला बरे वाटणार नाही, परंतु त्या काळच्या वैद्यकीय शिक्षणात असे सर्रास चाले. मुलगा प्रत्येक हाड हातात घेई, फिरवून पाही व काढी. कुठे खळगा आहे, कुठून रक्तवाहिनी जाते, हे चित्र काढताना आपोआप ध्यानात राही. ज्याला लॅटिनची दोन वाक्ये लक्षात राहत नव्हती, त्याला मानवी सांगाड्यातील बारीकसारीक खाचाखोचा तोंडपाठ झाल्या. वडिलांना प्रथमच समजले की मुलाची बुद्धी हात आणि डोळे यांच्या वाटेने चालते. पुढे सारागोसाच्या वैद्यकीय शाळेत वडील शरीररचना शिकवू लागले तेव्हा मुलाने काढलेल्या शवविच्छेदनाच्या रंगीत चित्रांचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्या चित्रांचा ग्रंथ छापण्याचा त्यांनी बेत केला. सारागोसात तशी छपाई होईना म्हणून तो बेत तडीस गेला नाही. परंतु ज्या बापाने रंगपेटी हिसकावून घेतली होती, तोच बाप चित्रांचा ग्रंथ छापावयास निघाला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सारागोसा हे मुसलमानी अमदानीतील सरकुस्ता शहर. प्रसिद्ध वैद्य व तत्त्वज्ञ इब्न बाज्जा याच शहरचे. १११८ साली तेथील मुसलमानी सत्ता संपली. विद्येची एवढी परंपरा असलेला हा देश काहाल यांच्या काळात मात्र विज्ञानात फार मागे पडला होता. संशोधन व्हावे ते जर्मनीत, फ्रान्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये, स्पॅनिश माणसाचे ते काम नव्हे, असे खुद्द स्पेनमध्येच मानले जाई. आपणही कधीकाळी मोठे होतो एवढ्यावर समाधान मानून बसणारा समाज कसा असतो, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

१८७३ साली काहाल वैद्यकीची पदवी मिळवून बाहेर पडले. लष्करात भरती होऊन १८७४ मध्ये त्यांची रवानगी क्यूबा बेटावर झाली. तेथे स्पेनविरुद्ध बंड चालू होते. दलदलीतल्या लष्करी इस्पितळात त्यांना हिवताप व हगवण जडली आणि १८७५ मध्ये ते खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतले. माद्रिदला डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी गेले असता त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शरीराच्या पेशी पाहिल्या आणि त्यांचा जीव त्यात अडकला. क्यूबातील पगारातून शिल्लक राहिलेल्या पैशांतून त्यांनी हप्त्याहप्त्याने एक सूक्ष्मदर्शक घेतला आणि घराच्या माळ्यावर प्रयोगशाळा थाटली. १८७८ साली क्षयाने गाठले, रक्त पडू लागले. त्यातूनही ते वाचले. प्राध्यापकाच्या जागेसाठी होणाऱ्या स्पर्धा परीक्षांत त्यांना प्रथम अपयश आले. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तुटपुंज्या पगारात मुलाबाळांचा संसार चालविणे आणि पतीच्या रसायनांचा व छपाईचा खर्चही त्यातूनच भागविणे हे काम तिने जन्मभर केले. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत अशा स्त्रियांना दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

१८८४ पासून काहाल वालेन्सिया येथे प्राध्यापक होते. १८८५ साली तेथे पटकीची मोठी साथ आली. त्या वेळी त्यांनी केलेल्या अभ्यासाबद्दल सारागोसा प्रांताच्या सरकारने त्यांना जर्मनीतील झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. चांगले हत्यार हाती आले, आता त्याला शोभेल असे काम हवे होते. ते १८८७ मध्ये सापडले. माद्रिदमध्ये लुईस सिमारो या डॉक्टरांनी त्यांना मेंदूचा एक काप दाखविला. तो इटलीचे शास्त्रज्ञ कामिलो गोल्जी यांच्या पद्धतीने रंगविलेला होता.

ही पद्धत थोडक्यात समजून घेऊ. मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सर्वत्र धाग्यांचा गुंता दिसतो, एक धागा कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो हे कळत नाही. गोल्जी यांनी १८७३ मध्ये मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये घट्ट करून नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. याने शेकडो पेशींतील थोड्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत काळ्या होऊन पिवळसर पार्श्वभूमीवर उठून दिसतात. मात्र ही पद्धत लहरी होती. कधी साधे, कधी बिघडे. म्हणून फारसे कोणी तिच्या वाट्यास गेले नाही.

काहाल यांनी तीत दोन सुधारणा केल्या. एकदा रंगविलेला तुकडा त्यांनी पुन्हा त्याच द्रावणांतून काढला. दुसरे म्हणजे पूर्ण वाढलेल्या प्राण्याऐवजी त्यांनी अंड्यातील पिलांचे व नवजात प्राण्यांचे मेंदू घेतले. वाढलेल्या मेंदूत पुष्कळशा धाग्यांवर चरबीचे वेष्टन चढलेले असते व रंग तेथे पोचत नाही. कोवळ्या मेंदूत ते वेष्टन नसते आणि धागेही आखूड व मोजके असतात. या बेताने १८८८ साली बार्सिलोनात त्यांनी पक्ष्याच्या लहान मेंदूचे काप केले आणि जे दिसले ते कागदावर उतरविले.

त्या वेळी बहुतेक विद्वानांचे मत असे होते की मेंदूतील सर्व धागे एकमेकांत मिसळून अखंड जाळे बनते. खुद्द गोल्जी यांचेही हेच मत. आपल्या कोकणी मच्छीमारांच्या जाळ्यात जसा प्रत्येक दोर दुसऱ्याशी गाठीने बांधलेला असतो, तसे. काहाल यांना गाठ कोठेच दिसली नाही. प्रत्येक पेशी वेगळी, तिच्या फांद्या दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ जाऊन थांबलेल्या. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, माणसे वेगळी पण काम एक, तसा हा प्रकार होता. पुढे त्यांनी हेही दाखविले की संदेश पेशीच्या फांद्यांकडून आत येतो व एकाच लांब तंतूने बाहेर जातो. काही पेशींच्या फांद्यांवर त्यांना बारीक काट्यांसारखे उंचवटे दिसले. तो रंगाचा गाळ असावा, असे पुष्कळांनी म्हटले. काहाल यांनी वेगळ्या रंगाने रंगवून तेच काटे पुन्हा दाखविले.

हे शोध जगाला सांगावयाचे कसे? नामांकित जर्मन मासिकांत ओळख नव्हती. काहाल यांनी मे १८८८ मध्ये स्वखर्चाने त्रैमासिक काढले, चित्रे स्वतःच तयार केली, अवघ्या साठ प्रती छापल्या व त्यांतील बहुतेक परदेशातील विद्वानांस पाठविल्या. उत्तरे फारशी आली नाहीत, कारण स्पॅनिश वाचतो कोण? तेव्हा १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये साठविलेले पैसे घेऊन ते स्वतः बर्लिनच्या शरीररचना शास्त्रज्ञांच्या परिषदेस गेले. सोबत काचपट्ट्यांची पेटी होती व गुहेत शिकलेले मोडकेतोडके फ्रेंच होते. त्यांनी काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकांखाली लावल्या व येईल त्यास पाहावयास बोलाविले. लोक प्रथम साशंक होते. परंतु सत्तरी ओलांडलेले थोर जर्मन शास्त्रज्ञ कोलिकर यांनी डोळा लावला आणि त्यांची खात्री पटली. त्यांनी काहाल यांना आपल्यासोबत नेऊन इतरांशी ओळखी करून दिल्या, स्वतःचे जुने मत बदलले आणि काहाल यांचे लेख वाचता यावेत म्हणून उतारवयात स्पॅनिश भाषा शिकली. विद्येचा मोठेपणा असा असतो.

१८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डायर यांनी या पेशीला न्यूरॉन हे नाव दिले. १८९२ मध्ये काहाल माद्रिदला प्राध्यापक झाले. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना व्याख्यानास बोलाविले. तेथे ते शेरिंग्टन या तरुण शास्त्रज्ञाच्या घरी उतरले. याच शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये दोन पेशींच्या भेटीच्या जागेला सायनॅप्स हे नाव दिले. १९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी यांना विभागून मिळाले. एकाची पद्धत व दुसऱ्याचा शोध, असा तो योग होता. गोल्जी यांनी स्टॉकहोमच्या भाषणात जाळ्याचेच मत मांडले व काहाल यांचे खंडन केले. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपले पुरावे मांडले. गोल्जी यांच्या पद्धतीचे ऋण मात्र त्यांनी कधी नाकारले नाही.

पेशी जर वेगळ्या, तर मधली फट संदेश कसा ओलांडतो, हा प्रश्न उरला. काहाल यांच्याच वर्षी जन्मलेले केंब्रिजचे लँग्ले यांनी निकोटीन व क्युरारी या विषांवर प्रयोग करून १९०५ मध्ये असे मांडले की स्नायूच्या पेशीवर अशी द्रव्ये पकडणारा एखादा खास पदार्थ असला पाहिजे. यालाच आज ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले की मज्जातंतू रसायन सोडून संदेश देतात. काहाल हयात असेपर्यंत ही फट कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ती दिसली. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातील एका भागाएवढी ती आहे. १९५९ मध्ये लंडनच्या ई. जी. ग्रे यांनी दाखविले की काहाल यांनी काढलेले ते काटे खरेच आहेत व सायनॅप्स त्यांच्यावरच असतात. ग्राहीचे रेणूही तेथेच बसलेले असतात. तैवानमधील मण्यार जातीच्या सापाच्या विषातील एक द्रव्य स्नायूवरील ग्राहीला घट्ट चिकटते. त्याच्या साह्याने १९७० च्या सुमारास तो ग्राही वेगळा काढता आला. केंब्रिजचे नायजेल अन्विन यांनी पाकट जातीच्या, विजेचा झटका देणाऱ्या माशापासून त्याची रचना वर्षानुवर्षे अभ्यासिली व २००५ मध्ये तिचे बारकाईने चित्र प्रसिद्ध केले. पाच भाग गोलाकार उभे आणि मध्ये उघडझाप करणारे छिद्र, अशी ती आहे. हा सारा रस्ता त्या पेशी वेगळ्या आहेत हे कळल्यावर खुला झाला. अखंड जाळे असते तर फट नसती, आणि फट नसती तर ग्राही शोधण्याची गरज कोणास पडली असती?

काहाल यांनी कीर्ती स्वतःपुरती ठेवली नाही. शिक्षणमंत्रीपद त्यांनी नाकारले, प्रयोगशाळेच्या प्रमुखाचा देऊ केलेला पगार स्वतःहून कमी करून घेतला. १९०७ साली होतकरू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन परदेशी पाठविणारी संस्था सरकारने स्थापिली, तिचे ते अध्यक्ष झाले. आपण बर्लिनला पदरमोड करून गेलो, पुढच्यांना तसे जावे लागू नये, हाच त्यामागील हेतू म्हणता येईल. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शिष्यांनी पुढे मोठे नाव कमावले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी हाताने काढलेली सुमारे तीन हजार चित्रे आज शिल्लक आहेत व त्यांतील कित्येक चित्रे अजूनही वैद्यकाच्या पुस्तकांत छापली जातात. गिलावा करणाऱ्याने नापास केलेली ती कला.

पालकहो, प्रत्येक नापास मुलगा काहाल होईल असे मी म्हणत नाही. हुस्तो रामोन यांच्या शिस्तीवाचूनही काहाल घडले नसते, हेही खरे. त्यांनी चुका केल्या, पण मुलाला सोडून दिले नाही. एक वाट बंद झाली तेव्हा ते स्वतः दुसरी वाट शोधावयास निघाले आणि हाडांची गोणी घेऊन मुलाशेजारी बसले. दाखला मागण्यापूर्वी आपणही एकदा मुलाशेजारी बसावे. त्याचे हात कशात रमतात ते पाहावे, ते त्याच्या शिक्षकांना सांगावे, आणि आम्हा शिक्षकांनीही ते ऐकावे. मुलींच्या बाबतीत तर ही चौकशी अधिकच अगत्याची आहे, कारण त्यांचे शिक्षण थांबविताना आपण फारसा विचारही करीत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. काहाल यांच्याकडे मोठे विद्यापीठ नव्हते, मोठी भाषा नव्हती, पैसा नव्हता. माळ्यावरची खोली, हप्त्याने घेतलेला सूक्ष्मदर्शक आणि पाहिलेले नीट काढण्याची सवय, एवढेच भांडवल होते. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर सरांच्या परवानगीने त्याखाली कांद्याची पातळ साल ठेवून पाहा. जे दिसेल ते वहीत काढा. पुस्तकातील आकृती नंतर पाहा.